किंतेची चिंता

सावंतवाडीत जन्म काढलेल्या माणसाला सीमेचं नवल नसतं. बांदा ओलांडलं की गोवा. दोडामार्गाला तर घरून निघून वहाण पायात नीट बसायच्या आत गोवा. तिकडून येताना पिशवीत काय असतं आणि कोणत्या वळणावर तोंड किती निरागस करायचं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. भाषेचंही तसंच. घरात मालवणी, बँकेत मराठी, म्हापशाच्या आत्येकडे कोंकणी. त्यामुळे लेक जेव्हा फोनवर म्हणाली, "बाबा, रिवेरा म्हणून एक गाव आहे, रस्त्याच्या अलीकडे उरुग्वे आणि पलीकडे ब्राझील, आणि लोक दोन्ही भाषा मिसळून बोलतात," तेव्हा मी शांतपणे म्हटलं, "त्यात काय एवढं!"

लेक उरुग्वेच्या राजधानीत, माँतेविदेओत, एका भारतीय सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही दोघं तिच्याकडे तीन महिन्यांसाठी गेलो होतो. जाण्याआधी मी वर्षभर फोनवरच्या अ‍ॅपवर स्पॅनिश शिकलो. 'माझी मांजर दूध पिते' आणि 'तुमच्या काकांची टोपी निळी आहे' ही वाक्यं मला झोपेतही येत. मांजर आणि काकांची टोपी सोडून दुसऱ्या विषयावर कुणी बोलायला लागलं की मात्र मी हसून मान हलवायचो. जिल्हा बँकेत बत्तीस वर्षं काउंटरवर बसल्याने ही मान फार चांगली हलते.

लेकीच्या ऑफिसातला एक मुलगा रिवेराचा. आम्ही त्याला आपापसात रिवेराकर म्हणायचो. त्याची आई निवृत्त शिक्षिका. भारतातून आईवडील आलेत हे कळल्यावर तिने आग्रहाचं आमंत्रण धाडलं. लेक आणि रिवेराकर शुक्रवारी रात्री ऑफिस आटोपून येणार होते. आम्ही दोघं रिकामटेकडी म्हणून बुधवारीच बसने पुढे गेलो. माँतेविदेओपासून साधारण पाचशे किलोमीटर, सहा-सात तास. खिडकीबाहेर सगळा वेळ गवत आणि गाई. हिने एकदा डोळे उघडून गाई बघितल्या, दोन तासांनी पुन्हा उघडून बघितल्या आणि विचारलं, "गाडी बंद पडली काय वो?"

हॉटेलात पोचतो न पोचतो तोच शिक्षिकाबाईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज आला. त्यातलं मला लागलं ते एवढं: "लोस एस्पेरो ना किंता, प्रा आल्मोसार."

इथे मला थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे. स्पॅनिशमधले वार थेट आपल्यासारखे आहेत. लूनेस म्हणजे चंद्राचा, म्हणजे सोमवार. मार्तेस मंगळाचा, मिएर्कोलेस बुधाचा, हुएवेस गुरूचा, विएर्नेस शुक्राचा. पत्रिका पुढ्यात घेऊन वार पाडलेत. पोर्तुगीजांनी मात्र ग्रहांना सुट्टी दिली आणि कारकुनासारखी मोजणी केली. रविवार पहिला धरायचा, मग सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा. म्हापशाची आत्या पोर्तुगिजांच्या राज्यात शाळेत गेलेली. ती मला लहानपणी मांडीवर घेऊन म्हणायची, "सेगुंदा, तेर्सा, क्वार्ता, किंता, सेश्ता." तेव्हा किंता म्हणजे पाचवा, म्हणजे गुरुवार. 'लोस एस्पेरो' हे स्पॅनिश, तुमची वाट बघते. 'आल्मोसार' हे पोर्तुगीज, जेवायला. एका वाक्यात दोन भाषा, आणि दोन्ही मला कळल्या! मी हिला म्हटलं, "उद्या गुरुवारी जेवायला बोलावलंय." ही म्हणाली, "लेकीला विचारा एकदा." मी विचारलं नाही. जन्मात पहिल्यांदाच आत्येचा उपयोग झाला होता, तो मला वाया घालवायचा नव्हता.

गुरुवारी सकाळी गाव बघायला निघालो. मधोमध प्लाझा इंतरनासिओनाल नावाचा चौक आहे. 1943 साली, बाकीचं जग एकमेकांवर बाँब टाकत असताना, या दोन देशांनी मिळून बांधलेला. अर्धा यांचा, अर्धा त्यांचा. मध्ये उंच स्तंभ, दोन्ही देशांचे झेंडे, आणि बाकांवर म्हातारे. कुठला म्हातारा कुठल्या देशात बसलाय हे त्यालाही माहीत नसावं. तार नाही, फाटक नाही, पोलीस नाही. ब्राझीलच्या बाजूच्या गावाचं नाव सांताना दो लिव्रामेंतो. गावात नुसतं इकडेतिकडे फिरणाऱ्याला कुणी हटकत नाही. पुढे देशात शिरायचं असेल तरच शिक्का मारून घ्यावा लागतो. हे लेकीने तीनदा बजावून सांगितलं होतं. पण माझ्या पासपोर्टावर ब्राझीलचा व्हिसा नव्हता आणि मी बँकेचा माणूस. शिक्क्याशिवाय मी आयुष्यात व्हाउचर पुढे सरकवलेलं नाही, इथे तर अख्खा मी सरकणार होतो. स्तंभापाशी थांबून मी एक पाय पुढे टाकला. काही झालं नाही. दुसरा टाकला. एक कुत्रा माझ्याकडे बघत त्याच्या देशातून त्याच्याच देशात गेला.

भाषेचा हिशेब मी सोपा ठेवला होता. अलीकडे 'ग्रासियास', पलीकडे 'ओब्रिगादो'. रस्ता ओलांडताना मी पुटपुटत भाषा बदलायचो, एसटीत चढताना सुटे पैसे हातात धरतात तसा शब्द तयार ठेवून. लिव्रामेंतोच्या दुकानात ऐटीत 'बोम दिआ' म्हटलं, तर काउंटरवरची मुलगी स्पॅनिशमध्ये बोलायला लागली. ती राहणारी रिवेराची. परत अलीकडे येऊन करमुक्त मालाच्या झगझगीत दुकानात 'बुएन दिआ' म्हटलं, तर तिथली बाई पोर्तुगीजमध्ये सुरू झाली, कारण त्या दुकानांचं गिऱ्हाईक सगळं ब्राझीलचं. खुद्द उरुग्वेच्या रहिवाशांना तिथून माल घ्यायला बंदी आहे. शेवटी मी हिशेब उलटा केला. अलीकडे ओब्रिगादो, पलीकडे ग्रासियास. तर दोन्हीकडे माणसं बदलली होती.

गंमत म्हणजे जी भाषा मी शिकलोच नव्हतो तीच मला जास्त कळत होती. हॉटेलातल्या बाईने 'शावे' मागितली, ती स्पॅनिश. तिच्या मदतनीस मुलीने 'शावी' मागितली, ती पोर्तुगीज. हिने चावी काढून दिली, ती मालवणी. तोआल्या म्हणजे तुवालो, बाल्दे म्हणजे बालदी, पांव म्हणजे पाव. बटाट्याला रिवेरात पापा म्हणतात, पलीकडच्या भाजीवाल्याकडे 'बाताता'. मी वर्षभर काकांची टोपी घोकत बसलो आणि हिने दोन मिनिटांत फक्त बोटाने आणि मालवणीत ब्राझीलचा बाजार केला. रताळी घेतली. गुरुवारचा उपास होता ना! आम्ही मासे खाणारी माणसं, पण हिचा दत्ताचा गुरुवार कधी मोडला नव्हता. माँतेविदेओतही नाही.

बरोबर साडेबाराला शिक्षिकाबाईंच्या दारात उभे राहिलो. दार उघडलं तेव्हा त्यांच्या केसांना रोलर होते, हातात पोछा होता, आणि चेहऱ्यावर आमच्याकडे भर दुपारी नळाला पाणी आलं तर येतो तो भाव होता. पण पाऊण सेकंदच. मग त्यांनी पोछा भिंतीला टेकवला, मला मिठीत घेतलं आणि गालावर मुका दिला.

मुक्यांबद्दल लेकीने सांगितलं होतं. उरुग्वेत एक. बाईने बाईला, बाईने पुरुषाला, आणि ओळखीतल्या पुरुषाने पुरुषालाही. मी तयारीत होतो. हीसुद्धा तयारीत होती, म्हणजे माझ्यावर लक्ष ठेवून होती. पुढच्या पाच मिनिटांत बातमी कशी पसरली देव जाणे, पण रस्त्यापलीकडच्या ब्राझीलमधून बाईंची धाकटी बहीण आली. मी एक गाल पुढे केला आणि काम झालं म्हणून मागे सरलो, तर ती दुसऱ्या गालाला निघालेली. तिचं नाक माझ्या चष्म्यात. मी सावरून दुसरा गाल दिला आणि थांबलो, तर तिसराही! "त्रेस प्रा काझार," ती हसत म्हणाली. तीन म्हणजे लग्न जुळतं. मी हिच्याकडे बोट करून सांगायचा प्रयत्न केला की माझं जुळून अडतीस वर्षं झाली. बाईंच्या यजमानांच्या वेळी मी थेट दोन्ही हात जोडून नमस्कार केला. ते मला सोडतात होय! त्यांनी माझे जोडलेले हात तसेच धरून मला मिठी मारली. मध्ये माझे कोपर.

मग माते. एका भोपळ्याच्या भांड्यात हिरवा पाला, वर गरम पाणी, आणि धातूची एकच नळी, बोम्बिशा. एकाने ओढायची, भांडं परत यजमानाकडे, तो पुन्हा पाणी घालून त्याच नळीसकट पुढच्याला देतो. उष्ट्याचा विचार करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाने या क्षणी काय करायचं, हे अ‍ॅपमध्ये नव्हतं. मी डोळे मिटून ओढलं. कडुनिंबाच्या काढ्याचा सख्खा मामेभाऊ. भांडं परत देताना सवयीने म्हणालो, "ग्रासियास." त्यानंतर ते भांडं माझ्याकडे फिरकलंच नाही. नंतर कळलं की मात्याच्या मैफलीत 'ग्रासियास' म्हणजे 'मला आता पुरे'. ही मात्र आभार मानत नाही, घरच्या माणसांचे कसले आभार! त्यामुळे हिला सात वेळा भरून दिलं. आठव्या वेळी हिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "ह्या संपता कधी?"

बाई बोलायला मोठ्या गोड. शिक्षिका असल्याने त्यांनी माझं प्रत्येक वाक्य आधी दुरुस्त केलं आणि मग त्याचं उत्तर दिलं. मधूनमधून 'ता' म्हणायच्या. उरुग्वेत 'ता' म्हणजे ठीक, झालं, समजलं, पुढे बोला, सगळंच. मालवणीत 'ता' म्हणजे ते. बाई 'ता, ता' म्हणाल्या की ही वळून मागच्या कपाटाकडे बघायची.

त्यांनीच गावाची कथा सांगितली. 1862 मध्ये उरुग्वेने लिव्रामेंतोच्या नाकासमोर हे गाव वसवलं आणि नाव ठेवलं सेबायोस. पोर्तुगिजांशी लढलेल्या एका स्पॅनिश सेनानीचं. पोर्तुगीज भाषा आत घुसू नये म्हणून भिंतीसारखं गाव उभं केलं. भिंतीतल्या पोरांनी पलीकडच्या पोरींशी लग्नं केली. पुढे नावही बदलून रिवेरा झालं. बाईंची आई पलीकडची, वडील अलीकडचे. बहीण लग्न होऊन रस्ता ओलांडून गेली, म्हणजे सासर परदेशात आणि माहेर चार मिनिटांवर. लष्करी राजवटीत, 1973 नंतरच्या त्या बारा वर्षांत, बाई नव्याने शाळेत लागल्या होत्या. पोरांनी पोर्तुगीज तोंडातून काढू नये असा दट्ट्या होता. "वर्गात मी पोरांना रागवायचे," त्या म्हणाल्या, "आणि मधल्या सुट्टीत बहिणीला हाक मारून त्याच भाषेत विचारायचे, आज काय शिजवलंस?" 2008 च्या शिक्षण कायद्याने उरुग्वेतलं पोर्तुगीज ही इथल्या लोकांची एक मातृभाषा म्हणून मान्य केली. तोवर बाई निवृत्तीला आल्या होत्या. "पस्तीस वर्षं मी ज्याच्यावर लाल रेघ मारली, ती माझीच भाषा निघाली. ता."

मी मान हलवली. या वेळी काउंटरवरची नव्हे.

मग बहीण म्हणाली, घड्याळाचं सांग ना! उरुग्वेने 2015 मध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करणं सोडलं, ब्राझीलने 2019 मध्ये. मधली चार वर्षं उन्हाळा आला की रस्त्याच्या पलीकडे एक तास जास्त. बहिणीच्या घरी रात्री बाराला नवं वर्ष साजरं करायचं, पेला हातात धरून रस्ता ओलांडायचा, इकडे अकराच वाजलेले. पुन्हा बारा वाजेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा साजरं करायचं. यजमान म्हणाले, ती चार वर्षं संपली तेव्हा आमचं यकृत सोडून सगळ्यांना वाईट वाटलं.

गप्पा रंगल्या होत्या, पण एक वाजून गेला तरी स्वयंपाकघरातून वास येत नव्हता. यजमान दोनदा फोनवर बोलून आले. मग बहिणीने एकदम टाळी वाजवून जाहीर केलं की जेवण तिच्याकडे. सगळे उठलो आणि ब्राझीलला गेलो. मी पासपोर्ट हातात धरून, छातीशी. यजमानांनी रस्त्याच्या मधोमध थांबून तो मागून घेतला, पान उघडलं, मुठीने हवेत ठप्प करून शिक्का मारला आणि परत दिला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

बहिणीकडे तिचा जावई होता, ब्राझीलमधल्याच पोर्तो आलेग्रेहून आलेला. फ्रीजमधलं, शेजारचं, दुकानातलं असं करत टेबल भरलं. मला 'फायना' फार आवडली. नुसत्या बेसनाचं भट्टीत भाजलेलं जाड धिरडं, इटलीहून आलेल्यांनी उरुग्वेत आणलेलं. पण हिचा उपास. 'उपास' हे मी कसं सांगितलं ते विचारू नका. काकांच्या टोपीचा काही उपयोग झाला नाही. 'देव', 'गुरुवार', 'नाही' आणि पोटाला हात, एवढ्यावर बहिणीचा समज झाला की हिचं पोट बिघडलंय आणि देवाचा धावा चाललाय. ती धावत आत गेली आणि मोठं काचेचं भांडं घेऊन आली.

भांड्यात साबुदाणा होता.

साक्षात साबुदाणा! गरगरीत, पारदर्शक, शिजून फुललेला. तिकडे त्याला 'सागू' म्हणतात. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. कसाव्याचं मूळ ब्राझीलकडचं, त्याच्या पिठाचे गोळे करून आपण त्यांना उपासाला बसवलं, हे मी हिला तिथल्या तिथे समजावून सांगितलं. दत्तगुरूंनी साडेचौदा हजार किलोमीटरवर साबुदाण्याची सोय केली यावर हिचा विश्वास बसायला वेळ लागला नाही. रंग तेवढा गडद लाल होता. "बीट घातल्यानी दिसता," ही म्हणाली आणि दोन वाट्या संपवल्या. तिसरी घेताना मला म्हणाली, "कशात शिजवल्यानी ता विचारा मां."

मी विचारलं. बहीण म्हणाली, "विन्यो."

दक्षिण ब्राझीलमध्ये सागू लाल वाइनमध्ये शिजवतात. लिव्रामेंतोच्या आसपास द्राक्षमळे आहेत, वाइनला तोटा नाही. बहिणीने लवंग-दालचिनीसुद्धा मोजून सांगितली. हिने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, "विन्यो म्हणजे जांभूळ." आजवर ही तेच समजून आहे. उकळताना दारू उडून जाते असं मी स्वतःला सांगतो, आणि हा लेख घरात प्रिंट करायचा नाही असंही ठरवलंय.

प्रसंग निभावून न्यायला मी पहिली वाटी तोंडाला लावली आणि अ‍ॅपमधला सर्वांत भारी शब्द बाहेर काढला. "एक्सकिसीतो!" स्पॅनिशमध्ये अप्रतिम, चविष्ट. पोर्तो आलेग्रेच्या जावयाचा चमचा हवेत थांबला. पोर्तुगीजमध्ये 'एस्किझीतो' म्हणजे विचित्र. टेबलावरच्या बाकी सगळ्यांना दोन्ही अर्थ ठाऊक होते, त्यामुळे कुणाला काहीच वाटलं नाही. गोंधळलो दोघंच, एक शुद्ध पोर्तुगीज बोलणारा आणि एक शुद्ध स्पॅनिश बोलणारा. खरं तर त्या वाटीला दोन्ही शब्द लागू होते.

निघताना हिने पिशवीतून सावंतवाडीची लाकडी फळं काढली. आंबा, केळं, सीताफळ. बहिणीने त्यातलं लाल-पिवळं बोंड उचललं आणि ओरडली, "काजू!" ही ओरडली, "काजू!" पोर्तुगिजांनी ब्राझीलहून गोव्यात नेलेलं झाड, आमच्या डोंगरभर पसरलेलं, लाखेच्या रंगात परत आलं होतं. दोघी एकमेकींचे हात धरून बराच वेळ 'काजू, काजू' म्हणत होत्या. आख्ख्या दिवसातलं सर्वांत सलग संभाषण ते.

रात्री लेकीचा फोन आला. "बाबा, तुम्ही आज त्यांच्याकडे जेवायला गेलात?"

"मग! गुरुवारचं आमंत्रण होतं. किंता."

पलीकडे शांतता. मग तिने सांगितलं. उरुग्वेत किंता म्हणजे गावाबाहेरची वाडी, फळझाडांची, मध्ये छोटं घर असलेली. जेवण शनिवारी होतं. वाडीवर. त्यासाठीच बाई भांडी, चादरी, मांस असं सगळं कालच तिकडे धाडून मोकळ्या झाल्या होत्या. "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सहा तासांत एका शब्दानेही नाही.

शनिवारी वाडीवर गेलो. निखाऱ्यावर काय काय होतं याचा तपशील सावंतवाडीपर्यंत पोचायला नको. आम्ही कोंबडी आणि भाजलेल्या चीजच्या बाजूला बसलो. मुके मी आता न मोजता देत होतो. गुरुवारबद्दल मी क्षमा मागायला गेलो, तर बाईंनी आधी माझं क्रियापद दुरुस्त केलं आणि मग म्हणाल्या, "कसली क्षमा? ता."

संध्याकाळी निघताना बहिणीने हिला पोटाशी धरलं आणि मला म्हणाली की जायच्या आधी पुन्हा एकदा तिच्याकडे यायलाच हवं. "तेर्सा," ती म्हणाली. आता मी शहाणा झालो होतो. ही यांची दुसरी वाडी असणार. मी विचारलं, "तेर्सा इथून किती लांब आहे?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. जावयाने बोटं मोजली. "तीन दिवस," तो म्हणाला.

मी विचारलं, "चालत?"